निळ्या नळाला गरम पाणी

“फरशी कसली, बर्फाची लादी आहे मेली,” सासूबाई आपल्या पायमोज्याला म्हणाल्या.

मी हातभर अंतरावर गादीवर पडले होते, डोळे मिटून. मी झोपेत आहे असं त्यांना वाटलं. पायमोज्याकडून काही उत्तर येईना, तेव्हा दुसरा चढवता चढवता त्यांनी त्यालाही सांगून टाकलं, “आणि म्हणे वाळवंट.” मग भिंतीला हात लावत लावत न्हाणीघराकडे गेल्या. पहाटेचे पाच वाजले होते. दोन बेडरूम रिकाम्या ठेवून आम्ही चौघं, म्हणजे त्या, माझा नवरा श्याम, चौदा वर्षांची ईरा आणि मी, हॉलमध्ये ओळीनं झोपलो होतो, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे.

कतारमध्ये, दोह्यात थंडी पडते हे नाशिकच्या आमच्या एकाही नातेवाइकाला पटत नाही. फोनवर मी “गारठलोय हो” म्हटलं की पलीकडून हसू ऐकू येतं. पण जानेवारीत उत्तरेकडून शमाल वारा सुटला की बिन महमूदमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आतूनबाहेरून वाजायला लागतो. इथली घरं उन्हाळ्याच्या धास्तीनं बांधलेली. उष्णता बाहेर घालवायची एवढंच त्यांना ठाऊक. खाली चकचकीत टाइल्स, भिंतीतल्या एसीभोवती बोट जाईल एवढी फट, आणि सरकत्या खिडक्या कितीही दाबून लावा, शीळ घालतातच. बाहेर बारा अंश असले तर आत तेरा. तो एक अंश बहुधा भाड्यापोटी.

आधीची आठ वर्षं या थंडीकडे आम्ही ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण विजेचं बिल कंपनी भरायची. खोलीखोलीत हीटर चालायचे, ईरा जानेवारीत आत बिनबाह्यांचे फ्रॉक घालून फिरायची. श्याम (समोर मी ‘अहो’ म्हणते, कागदावर नाव घ्यायला काय जातं) मोठमोठ्या इमारती गार ठेवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. २००३च्या नोव्हेंबरात त्याच्या ऑफिसात सर्क्युलर फिरलं, की यापुढे घरच्या विजेचं बिल ज्याचं त्यानं भरायचं. पहिलं बिल आलं त्या दिवशी श्यामनं ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी येताना थर्मोकोल, चिकटपट्टीची सहा रिळं आणि एक जाड वही घेऊन आला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतीत गार हवा सोडणारा माणूस, आता घरात शिरणाऱ्या गार हवेच्या मागे लागला. एक उदबत्ती पेटवायची आणि भिंती, चौकटी, दारांच्या कडेनं सावकाश फिरवत न्यायची. धूर जिथं हलला तिथं फट. तिथं पट्टी. सासूबाईंना दोन दिवस वाटत होतं की मुलगा परदेशात येऊन फार देवभोळा झाला. एसीच्या तोंडावर थर्मोकोल बसले, खिडक्यांवर पारदर्शक प्लास्टिक आलं, दाराखाली जुन्या चादरीच्या वळकट्या आल्या. शुक्रवारच्या बाजारातून कुणाकुणाच्या घरातून निघालेले जुने गालिचे आले. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे सकाळी नऊला उघडायचे, ऊन सरलं की तीनला लावून घ्यायचे, त्यात पाच मिनिटांचाही उशीर चालायचा नाही. तेलाचा हीटर एकच, तोही हॉलमध्ये, संध्याकाळी सात ते नऊ. गीझरला टायमर. पहाटे साडेचार ते साडेपाच, कारण सासूबाई पाचला आंघोळ करतात. वहीच्या पहिल्या पानावर श्यामनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आईच्या गरम पाण्यात काटकसर नाही.’ रोजचे मीटरचे आकडे त्या पानाच्या पुढे सुरू व्हायचे.

बिल खरंच उतरलं. घरही थोडं उबदार झालं, नाही असं नाही. पण सगळं इतकं बंद झालं की सोमवारची फोडणी बुधवारी अंगावरच्या शालीला यायची. खिडकी उघडायची तर पट्टी काढावी लागणार, पट्टी काढली तर श्यामचं तोंड उतरणार. खाली रस्त्यावर माणसं चालताना दिसायची, प्लास्टिकमधून, जरा वाकडीतिकडी. बोललेलं त्या घरातून बाहेर जात नव्हतं, आणि न बोललेलं तर मुळीच नाही.

न बोललेलं म्हणजे नाशिकरोडचं घर.

सासूबाई जुलैत आल्या त्या व्हिजिट व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. वीस जानेवारीला तो संपत होता आणि पुढे वाढणार नव्हता. श्यामनं व्हिसा ऑफिसात चार खिडक्यांवर जाऊन विचारलं होतं. आईला कायमचं ठेवून घ्यायचं तर ते त्याच्या पगारात बसत नव्हतं. आणि इकडे ऑगस्टात पुण्याहून निवृत्तीचा, माझ्या धाकट्या दिराचा, फोन आला. नाशिकरोडच्या बैठ्या घराला बिल्डर चांगला भाव देतोय, आत्ता नाही तर कधीच नाही. घर सासऱ्यांनी दोन्ही मुलांच्या नावावर करून ठेवलेलं. श्यामनं वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र केलं. मी सोबत गेले होते. सही केली ते पेन माझ्या पर्समधलं. घरी सासूबाई बेसन भाजत होत्या, आम्ही परत आलो तेव्हा जिन्यापर्यंत वास आला होता.

ठरलं असं होतं, की आई पुण्याला निवृत्तीकडे राहील. आमचा वाटा पुण्यातल्याच एका फ्लॅटच्या बुकिंगला गेला, जो दोन वर्षांनी मिळणार होता. सप्टेंबरात घर पाडलं. ऑक्टोबरात निवृत्ती म्हणाला की त्याच्या दोन खोल्यांत बायकोचे आईवडीलही राहायला आलेत, तेव्हा सध्या जरा जागेची अडचण आहे. डिसेंबरात म्हणाला, एक छान संस्था बघून ठेवलीय, वयस्कर लोक एकत्र राहतात, “आणि वहिनी, गरम पाणी चोवीस तास.”

सासूबाई सोडून हे सगळ्यांना माहीत होतं. ईरालासुद्धा. सांगायचं कुणी एवढाच प्रश्न होता. श्याम म्हणायचा, “निवृत्तीनं विकलं, त्यानं सांगावं.” निवृत्ती म्हणायचा, “वहिनी, आई तुमचं ऐकते, तुम्ही सांगा.” मी म्हणायचे, पोटची दोन मुलं असताना सुनेनं तोंड कशाला उघडायचं? दिवाळी झाल्यावर सांगू म्हटलं. मग आईंचा वाढदिवस होऊ दे म्हटलं. मग संक्रांत.

आणि त्या? त्या दिवस मोजत होत्या, खुशीत. नाताळच्या सुट्टीतच त्यांनी बॅग भरायला घेतली. नाशिकरोडच्या शेजारीण शैलजाबाईंसाठी खजुराचा डबा, दूधवाल्यासाठी परफ्यूम, कुणाकुणाला निडो दुधाचे डबे. “माझं काय, सहा महिन्यांची पाहुणी,” असं दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या. निवृत्ती दर आठवड्याला पुण्याहून नाशिकच्या घरी चक्कर टाकतो अशी त्यांची समजूत, त्यामुळे दर रविवारी त्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. “कढीपत्त्याला पाणी घालतोस ना रे?”

“घालतो ना आई,” निवृत्ती म्हणायचा. कढीपत्ता केव्हाच जेसीबीनं उपटला होता.

जुलैत आल्या त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. न्हाणीघरातून किंकाळी ऐकू आली म्हणून मी धावले. त्यांनी गार पाण्यासाठी निळ्या खुणेचा नळ सोडला होता आणि हात भाजून घेतला होता. उन्हाळ्यात दोह्यात हे होतंच. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, निळ्या नळाला कढत पाणी येतं. मग आम्ही काय करतो, गीझर बंद ठेवतो. त्याच्यातलं पाणी घराच्या आत, सावलीत असतं, म्हणून लाल नळाला त्यातल्या त्यात गार येतं. मी त्यांच्या हाताला बर्फ लावला आणि सांगितलं, “आई, इथं सगळं उलटं लक्षात ठेवायचं. निळ्याला गरम, लालला गार.” त्यांनी ते शाळेतल्या मुलीसारखं पाठ केलं. पुढच्या रविवारी निवृत्तीला ऐकवलं. शैलजाबाईंना पत्रात कळवलं, त्या काही उत्तर लिहिणाऱ्यातल्या नव्हेत. या देशातली त्यांना कळलेली ही पहिली गोष्ट होती आणि ती त्यांना फार आवडली होती.

काटकसरीच्या मोहिमेतही त्या श्यामच्या पुढे गेल्या. खोलीतून बाहेर पडणाऱ्याच्या पाठोपाठ दिवा बंद करायच्या, कधी कधी माणूस आत असतानाच. एकदा त्यांनी ईराला विचारलं की फ्रिजचा दिवा दार लावल्यावर आत बंद होतो हे नक्की का.

“नोबडी नोज, आज्जी,” ईरा म्हणाली.

त्यानंतर त्या फ्रिजचं दार लावताना शेवटच्या फटीतून वाकून बघायच्या.

श्याम खूश होता. तो म्हणायचा, “गीझरभोवती मी ते अस्तर गुंडाळलं ना, त्याचा फरक बघ. आईची आंघोळ होऊनसुद्धा साडेसहाला टाकी भरलेली. आधी असं व्हायचं का?” मीही मान डोलवायचे. मला साडेसहाला कढत पाणी मिळत होतं. मी कशाला चौकशी करू?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधली मुनीरा जाड ब्लँकेट घेऊन आली. ती रत्नागिरीची. तिचा नवरा इलियास बंदरावरच्या एका ऑफिसात. घरी ती आपली कोकणी बोलते, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि ती माझ्यापेक्षा शुद्ध आहे. सासूबाईंनी ब्लँकेट गालाला लावून बघितलं, “छान आहे गं, पण मला आता किती दिवस लागणार? वीसला निघालेच मी,” म्हणाल्या आणि खोकल्या. खोकला त्यांना आठ दिवस झाला होता.

मुनीरा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

“भाभी, अजून नाही सांगितलं?”

“सांगायचंय.”

“कधी? विमानात बसवून? की नाशिकला उतरल्यावर बिल्डरचा वॉचमन सांगेल त्यांना?”

“सांगेन गं या शुक्रवारी. इन्शाल्ला.”

“ते इन्शाल्ला आम्ही ‘नाही’ म्हणायचं असलं की वापरतो,” मुनीरा म्हणाली. “तुम्ही नका वापरू.”

मी चहात साखर दोनदा घातली. ती गेल्यावर मी हॉलमध्ये येऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा गालिच्यावर पडला होता आणि त्या पट्ट्यात पाय ठेवून त्या बसल्या होत्या. पट्टा सरकला की पायही सरकवायच्या. मी म्हटलं, “आई.” त्यांनी वर पाहिलं. “काय गं?” मी म्हटलं, “संध्याकाळी पिठलं करू का?” त्या म्हणाल्या, कर की. तीन वाजले. मी उठून पडदे लावले.

शुक्रवारी पहाटे त्यांचा खोकला ऐकून मला राहवेना. सुट्टीचा दिवस, श्याम आणि ईरा झोपलेले. त्या कपडे खांद्यावर टाकून निघाल्या तशी मी मागोमाग गेले.

“आज मी पाठ चोळून देते. छातीला जरा शेक बसू दे.”

“मी काय बाळंतीण आहे?”

“असा खोकला घेऊन विमानात कसं बसू देतील तुम्हाला?”

विमानाचं नाव काढल्यावर त्यांनी मला आत येऊ दिलं. बादली त्यांनी आधीच भरून ठेवली होती. मी तांब्या बुडवायला हात घातला आणि कळ कोपरापर्यंत गेली.

“आई, हे गार आहे.”

“हो.”

“हो काय? गार गार आहे! नळ नीट सोडला का तुम्ही?”

“निळाच सोडला. हल्ली गारच येतं त्याला.” त्यांनी पदर कमरेला खोचला, जणू बाजारभावाची गोष्ट चाललीय. “दिवाळीपर्यंत चांगलं कढत यायचं. मग कोमट झालं. मग ऊनच उतरलं, त्याला कोण काय करणार?”

“आणि लाल?”

“लालला तर भर उन्हाळ्यात गार येतं. तूच सांगितलंस ना? या थंडीत त्याला कशाला हात लावू?”

मी लाल नळ सोडला. क्षणभर नळ ठसकला, मग धार आली, आणि धारेबरोबर वाफ. छोट्या आरशावर वाफ धरली. सासूबाई बघत राहिल्या. दोन बोटं धारेखाली धरली, मागे घेतली, परत धरली.

नोव्हेंबरात मी एक दिवस गीझरचं बटण दाबलं होतं आणि आम्ही तिघं न बोलता एका नळावरून दुसऱ्या नळावर गेलो होतो. इथं दर वर्षी जातो तसेच. त्यात सांगण्यासारखं काही असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि रोज पहाटे साडेचारला श्यामचा टायमर त्यांच्यासाठी पाणी तापवत होता, त्या शेजारच्याच नळाचं बर्फासारखं पाणी अंगावर घेत होत्या, आणि ते तापलेलं पाणी साडेसहाला मी वापरत होते.

“अहो, दोन महिने!” माझा आवाज चिरकला. “बोलायचं नाही का? आमच्यापैकी कुणाला तरी विचारायचं!”

“काय विचारायचं?” त्या हळूच म्हणाल्या, बाहेर श्यामला ऐकू जाऊ नये म्हणून. “तो एवढा पट्ट्या लावत फिरतोय. वहीत आकडे लिहितोय. म्हटलं, माझ्या पाण्यातही बचत करत असेल. आईला सांगायची लाज वाटली असेल त्याला. मी विचारून आणखी कशाला लाजवू? आणि पाहुण्यानं थोडं समजून घ्यावं.”

मी निळं पाणी ओतून दिलं, लाल नळानं बादली भरली, विसण घातलं. त्यांच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. दुखलेल्या माणसाचा असतो तसा होता. मग त्या हसायला लागल्या. “अगं बाई, अगं बाई, केवढं गं हे सुख,” म्हणत हसल्या, खोकल्या, परत हसल्या. मी त्यांच्या पाठीमागे बसले होते ते बरं झालं.

श्याम उठल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो हॉलमध्ये गेला, टीव्हीवरची वही उचलली, पहिलं पान उघडलं, वाचलं, मिटलं आणि परत होती तिथं ठेवली. नंतर बराच वेळ तो न्हाणीघरात उभा होता. दार उघडंच होतं. लाल नळ सोडायचा, बंद करायचा. सोडायचा, बंद करायचा. वीज, पाणी कशाचंच भान नव्हतं त्याला.

नऊ वाजता मी पडदे उघडले. सासूबाई उन्हात बसल्या होत्या, केस मोकळे, चेहरा लाल, मुनीराचं ब्लँकेट गुडघ्यांवर. ईरा बाजूला पडून कानात गाणी ऐकत होती. मी पोहे आणले. श्याम समोर गालिच्यावर येऊन बसला.

“आई,” तो म्हणाला, “मला वाटलं तू रोज...”

“अरे सोड. हसायची गोष्ट आहे ती. शैलजाला सांगितलं तर चार दिवस हसेल.” त्यांनी पोह्यांचा घास घेतला. खरंच मजेत होत्या, गरम पाण्यानं माणूस किती बदलतो. “आता आठवण झाली म्हणून सांगते. निवृत्तीला फोन कर आज. परसातल्या बंबाची नळी गळत होती मी निघाले तेव्हा. म्हणावं जोडून ठेव. गेल्या गेल्या मला पाणी तापवायला लागेल.”

श्यामनं माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांवर कोथिंबीर नव्हती, ती आणायला उठावं का याचा विचार करत होते.

“तिकडं फार थंडी आहे आई सध्या,” तो म्हणाला.

“म्हणून तर बंब म्हणतेय.”

“नाही, म्हणजे... घराचं थोडं काम काढलंय निवृत्तीनं.”

“कसलं काम?”

“रंगाचं.”

“जानेवारीत? रंग वाळणार कधी?” त्यांनी ताटली खाली ठेवली. “आणि मला बोलला नाही तो. रविवारी तर कढीपत्त्याचं सांगत होता.”

“राहून गेलं असेल. आणि पुण्याजवळ एक जागा आहे, चांगली आहे, काम होईपर्यंत तू तिथं थोडे दिवस...”

“कुणाची जागा?”

“एक संस्था आहे.”

बाहेर वारा होता. खिडकीवरचं प्लास्टिक फुगत होतं, बसत होतं, जणू कुणी पलीकडून श्वास घेतंय. सासूबाईंनी श्यामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची लाली तशीच होती, पण हसू आता नव्हतं. ईरानं कानातल्या वायरी काढल्या.

“मम्मा,” ती पुटपुटली, “टेल हर ना. प्लीज.”

“काय सांगायचंय?” सासूबाई म्हणाल्या. पोरीला आजीची भाषा कळते तशी आजीलाही पोरीची कळायला लागली होती. त्यांनी ब्लँकेटची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि बाजूला ठेवली.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “नळाचं मला दोन महिने कुणी सांगितलं नाही. मुद्दाम नाही, मला कळतं. राहून गेलं. तसं आणखी काही सांगायचं राहिलंय का रे?”

श्यामचा हात गालिच्यावरून पुढेमागे फिरत होता. तो मघाशी नळ सोडत होता ना, तसाच. त्यानं तोंड उघडलं, घसा साफ केला.

“निवृत्तीनं,” तो म्हणाला, आणि थांबला. मग परत, “निवृत्तीनं...”

“निवृत्तीनं नाही,” मी म्हणाले. “आई, नाशिकरोडचं घर आम्ही विकलं. ऑगस्टात, तुम्ही इथं असताना. तुम्हाला परत जायला आता घर नाही.”